प्रदेशाप्रदेशांत पसरणाऱ्या साथीचे मॉडेल करताना फक्त शेजारचे प्रदेश जोडणे पुरेसे आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, प्रत्येक प्रदेशाची आठवडावार रुग्णसंख्या हाताशी असताना साथीचा प्रसार मॉडेलमध्ये मांडण्यासाठी केवळ सीमेला सीमा लागून असलेले प्रदेश एकमेकांशी जोडले तर भागते का. माणसाकडून माणसाला होणाऱ्या बहुतेक आजारांसाठी ते भागत नाही, कारण संसर्ग माणसांच्या ये-जा करण्याबरोबर फिरतो, आणि लहान गावाचा दूरच्या मोठ्या शहराशी असलेला संबंध अनेकदा शेजारच्या गावाशी असलेल्या संबंधापेक्षा घट्ट असतो.

इंग्लंड व वेल्समधील गोवराच्या नोंदींवरून ग्रेनफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, साथीच्या लाटा मोठ्या शहरांतून निघून भोवतालच्या लहान वस्त्यांकडे सरकत असत. लसीकरणापूर्वीच्या काळात सुमारे तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत गोवर सहसा अखंड टिकून राही, तर लहान गावांत तो विझे आणि बाहेरून आलेल्या रुग्णामुळे पुन्हा पेटे. प्रदेशांमधील दुवा किती बळकट आहे याची माहिती मुख्यतः या विझण्या-पेटण्याच्या काळातच दडलेली असते. दोन्हीकडे साथ जोरात असताना बाहेरून आलेले चार-दोन रुग्ण स्थानिक संसर्गात हरवून जातात. त्यामुळे शून्य रुग्णांचे आठवडे निरुपयोगी समजून गाळू नयेत (मी स्वतः सुरुवातीला नेमके हेच केले होते).

आरंभासाठी मी हेल्ड, होले आणि हॉफमन यांनी 2005 मध्ये मांडलेली चौकट सुचवीन. तीत अपेक्षित रुग्णसंख्येचे तीन भाग असतात: त्याच प्रदेशातील मागील आठवड्याच्या रुग्णांमुळे होणारे, इतर प्रदेशांतील रुग्णांमुळे होणारे, आणि या दोहोंनी न उलगडणारे, ज्यात लोकसंख्या व ऋतुमान धरता येते. रुग्णसंख्या सरासरीच्या मानाने फार विखुरलेली असल्याने सरासरीइतकेच विखुरणे गृहीत धरणाऱ्या पॉयसाँ वितरणाऐवजी जास्त विखुरणे सामावून घेणारे निगेटिव्ह बायनॉमियल वितरण घ्यावे. दुसऱ्या भागातील भार (कोणत्या प्रदेशाचा प्रभाव किती धरायचा ते आकडे) अंतराच्या एखाद्या घातानुसार घटतात असे मानून तो घातांक, म्हणजे घट किती झपाट्याने होते ते, हाताशी असलेल्या नोंदींवरूनच काढता येतो. प्रवासाची आकडेवारी मिळाल्यास ती अधिक चांगली: ब्रॉकमन आणि हेल्बिंग यांनी 2013 मध्ये विमानवाहतुकीवरून 'परिणामी अंतर' (दोन ठिकाणांत प्रवास जितका जास्त, तितके कमी धरलेले अंतर) मोजले, तेव्हा 2003 ची सार्स आणि 2009 ची एच1एन1 (स्वाइन फ्लू) साथ कोणत्या देशात केव्हा पोहोचली याचा मेळ भौगोलिक अंतरापेक्षा त्या अंतराशी कितीतरी चांगला बसला.

एक धोका मात्र या सगळ्यापेक्षा मोठा आहे. दोन प्रदेशांचे आलेख एकत्र चढले, तर त्याचे कारण परस्पर संसर्ग नसून दोन्हीकडचा सारखा ऋतू असू शकतो. आणि एका प्रदेशातील नोंदी आठवडाभर उशिरा येत असतील, तर साथ दुसरीकडून तेथे आली असा भास निर्माण होतो. म्हणून शक्य तेथे नोंदणीच्या तारखेऐवजी लक्षणे सुरू झाल्याची तारीख वापरावी.

शेवटचे काही आठवडे बाजूला ठेवून, दुवे असलेले आणि दुवे काढून टाकलेले अशी दोन्ही मॉडेल्स पुढच्या आठवड्याचे संभाव्यतेसह भाकीत किती चांगले करतात, हे ताडून पाहावे. दुव्यांमुळे भाकीत सुधारत नसेल, तर दुव्यांचे बळ दाखवणाऱ्या मॉडेलमधील गुणांकांवरून कोणत्या प्रदेशाने कोणाला संसर्ग दिला हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.