स्टेशन मास्तर होण्यासाठी परीक्षा आणि ट्रेनिंग कसं असतं? आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, तर नियमांची पुस्तकं पाठ करायची गरज आहे का?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर कुणीही देईल. दुसरा भाग वाचला आणि रात्रपाळी करून आले होते तरी झोप लागेना. "बटणच दाबायचं असतं, मग पाठ कशाला करायचं?" हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकलंय, आणि ते मला काम शिकवणाऱ्या माणसानेच ऐकवलंय.

आधी परीक्षेचं उरकते. रेल्वे भरतीतल्या एनटीपीसीच्या (नॉन-टेक्निकल पॉप्युलर कॅटेगरीज) पदवीधर पदांमधून फॉर्म भरायचा. सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, एक १०० प्रश्नांची, सीबीटी दोन १२० प्रश्नांची, दोन्हींना वेळ ९० मिनिटं, आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातो. हे दोन्ही पेपर मराठीतून देता येतात. त्यानंतरची सीबॅट (कॉम्प्युटरवरची कल चाचणी) मात्र हिंदी किंवा इंग्रजीतच असते आणि आपली मुलं तिथे गाफील राहतात. जागांच्या आठपट उमेदवार बोलावतात. प्रत्येक चाचणीत वेगळा ४२ टी-स्कोअर (सगळ्यांच्या तुलनेत काढलेला गुण) लागतो, त्यात कुठल्याच प्रवर्गाला सूट नाही. शेवटच्या यादीत सीबीटी दोनचे ७० टक्के आणि सीबॅटचे ३० टक्के धरतात. नमुन्याचे प्रश्न लखनौच्या आरडीएसओच्या (रेल्वेची संशोधन संस्था) साइटवर फुकट आहेत, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

सिग्नलच्या तारा, रिले, पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याच्या) मोटारी यांची देखभाल करणारे लोक वेगळे. ते सिग्नल आणि टेलिकॉम खात्याचे, त्यांची भरती वेगळी आणि त्यांची मोठी संस्था सिकंदराबादला. गाडीला सिग्नल द्यायचा की नाही हे ठरवतो तो स्टेशन मास्तर.

माझं ट्रेनिंग भुसावळच्या क्षेत्रीय प्रशिक्षण संस्थेत झालं. सकाळी वर्गात जनरल रूल्स (गाड्या चालवण्याचे मूळ नियम), ब्लॉक वर्किंग मॅन्युअल (दोन स्टेशनांमध्ये गाडी घेण्या-देण्याचे नियम), अपघातासंबंधीचे नियम, आणि मग मॉडेल रूम. तिथे छोट्या रुळांवर स्टेशनं मांडलेली, मध्ये ब्लॉक इन्स्ट्रुमेंट, म्हणजे दोन स्टेशनांना जोडणारं यंत्र. या स्टेशनवरून त्या स्टेशनला घंटेच्या ठोक्यांनी बोलायचं. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन, लाईन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी, मिळेल का. तीन, गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या लाईनवर, शिरली. चार, गाडी बाहेर पडली, यालाच 'आउट' म्हणतात. पाच, आधीचा संदेश रद्द. सहा म्हणजे धोका, आणि सहानंतर थांबून आणखी किती ठोके येतात त्यावरून धोका कसला ते कळतं. मेसमध्ये आम्ही मुली चमच्याने ताटावर ठोके द्यायचो आणि समोरचीने घास तोंडात असतानाच उत्तर द्यायचं. दोन आठवड्यांत ते हाताला आणि कानाला बसलं.

आता ती रात्र. स्टेशन आणि विभाग सांगत नाही.

स्वतंत्र ड्युटी सुरू होऊन चार महिने झाले होते. जुलै महिना, दुहेरी लाईन, रात्रीचे दीड-पावणेदोन. एक मालगाडी मेन लाईनवरून थ्रू, म्हणजे न थांबता, जाणार होती. तिच्या मागे, मागच्या स्टेशनवर एक एक्स्प्रेस माझ्या लाईन क्लिअरची वाट बघत उभी. मी हिरवा दिवा घेऊन फलाटावर, माझा पॉइंट्समन (हाताखालचा मदतनीस) पलीकडच्या बाजूला. मास्तराने बघायचं असतं ते शेवटच्या डब्याचा लाल दिवा आणि एल.व्ही.चा (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) बोर्ड. ते दिसलं म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे काही तुटून राहिलं नाही. मगच मागच्या स्टेशनला चार ठोके देऊन सेक्शन मोकळा करायचा.

पाऊस असा होता की वाघिणी मोजता येत नव्हत्या. आवाज संपला तेव्हा कळलं गाडी गेली. लाल दिवा मला दिसला नाही, बोर्ड दिसला नाही, गार्डने हात दाखवला का तेही शपथेवर सांगता येईना. पॉइंट्समन भिजत पळत आला आणि म्हणाला, "मॅडम, गार्डची व्हॅन होती बहुतेक."

बहुतेक.

मी पुढच्या स्टेशनला सहा ठोके, थांबून दोन ठोके दिले: गाडी शेवटच्या दिव्याशिवाय गेली आहे. फोनवरही सांगितलं, थांबवून तपासा. समोरून येणाऱ्या गाडीला सावध करायला लावलं. आणि मागच्या सेक्शनचं इन्स्ट्रुमेंट 'ट्रेन ऑन लाईन'वरच, म्हणजे सेक्शन अजून भरलेलाच, ठेवलं.

मागच्या स्टेशनवर त्या रात्री ज्यांची ड्युटी होती, त्यांच्याच हाताखाली मी प्रत्यक्ष काम शिकले होते. ब्लॉकच्या फोनवर ते म्हणाले, "पोरी, गाडी गेली ना तुझ्या समोरून? मग आउट दे की. एक्स्प्रेस उभी आहे माझ्याकडे." मी म्हटलं, "सर, शेवटचा दिवा दिसला नाही." "पॉइंट्समनला विचार." "विचारलं. बहुतेक म्हणतोय." मग कंट्रोलचा, म्हणजे विभागातल्या गाड्या चालवणाऱ्या ऑफिसचा फोन. मग पुन्हा सरांचा. तिसऱ्यांदा ते ओरडलेच. माझा हात थरथरत होता, पण टीएसआरमध्ये (गाड्यांच्या नोंदवहीत) एकेक वेळ लिहीत राहिले.

पुढच्या स्टेशनने गाडी थांबवली, माणूस शेवटपर्यंत चालत गेला. गाडी पूर्ण होती. बोर्ड जागेवर होता, दिवा फक्त विझला होता. मी सेक्शन मोकळा केला. एक्स्प्रेस बावीस मिनिटं उशिरा सुटली.

ती बावीस मिनिटं माझ्या नावावर लागली, खुलासा मागवला गेला. मी नियम लिहून उत्तर दिलं, पुढे काही झालं नाही. पण सरांनी ते सोडलं नाही. "गाडी पूर्णच होती ना? मग कशाला अडवलीस? पुस्तक भुसावळलाच ठेवून यायचं असतं." हे त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, बैठकीत सांगितलं, स्वतःच्या निरोप समारंभातही हार घालून घेतल्यावर सांगितलं. सगळे हसले. मी तेव्हा गप्प बसले, वयाचा मान म्हणून.

आज बोलते. सर, गाडी पूर्ण आहे हे तुम्हाला आणि मला बावीस मिनिटांनंतर कळलं. तुम्ही आउट मागत होतात तेव्हा दोघांपैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. २० ऑगस्ट १९९५ ला फिरोजाबादला नीलगाय आडवी आली म्हणून कालिंदी एक्स्प्रेस थांबली होती. ती पुढे गेली असं धरून मागच्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला सिग्नल दिला गेला. तीनशेहून जास्त माणसं मेली. तिथेही कुणाला तरी 'गेली असेल' असंच वाटलं होतं.

तर प्रश्नकर्ते, तुमच्या कॉम्प्युटरचं. पॅनल किंवा स्क्रीन असली की चुकीचं बटण दाबून दोन गाड्या एका लाईनवर घेता येत नाहीत, इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट एकमेकांना बांधणारी यंत्रणा, अडवतं. ही फार मोठी सोय आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण २ जून २०२३ ला ओडिशात अपघात झाला त्या बहनगा बाजारला इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगच होतं. सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलात चूक राहिली होती, कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल मेन लाईनचा मिळाला आणि पॉइंट बाजूच्या लूप लाईनचा लागलेला होता. आणि साधा सिग्नल बिघडला तरी गाडी तिथे जन्मभर उभी ठेवत नाहीत. तेव्हा पॉइंटला क्लॅम्प लावून कुलूप घालायचं, लाईन मोकळी आहे हे स्वतः पाहायचं आणि ड्रायव्हरला टी/३६९(३बी), म्हणजे बंद सिग्नल ओलांडायच्या परवानगीचा फॉर्म, हाताने लिहून द्यायचा. खाली सही तुमची असते. त्या वेळी दोन फोन वाजत असतात, समोर ड्रायव्हर उभा असतो, पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो. म्हणून पाठ. शब्दन् शब्द.

क्लासमध्ये 'जनरल रूल्स नंतर होतं, आधी गणित करा' असं सांगतात. भरतीपुरतं ते बरोबर आहे. पण निवड झाल्यावर भुसावळला जायच्या आधीच व्याख्या आणि ब्लॉकचं प्रकरण वाचून जा. मल्टिपल ॲस्पेक्ट (दोनपेक्षा जास्त संकेत दाखवणारे) सिग्नल असलेल्या स्टेशनवर लाईन क्लिअर देताना पहिल्या स्टॉप सिग्नलच्या पुढे १८० मीटर मोकळे लागतात, जुन्या टू ॲस्पेक्टला ४००. हे आकडे का आहेत ते तिथल्या शिकवणाऱ्यांना विचारा. एकदा कारण कळलं की पाठांतर आपोआप होतं.

आता काही गोष्टी राहिल्या. माझ्या वेळी परीक्षा कागदावर होती आणि सीबॅटच्या जागी सायको (मानसिक चाचणी) असायची, त्यामुळे जागा, वय, तारखा हे सगळं चालू जाहिरातीतच बघा. बऱ्याच सेक्शनमध्ये आता ॲक्सल काउंटर बसलेत, ते चाकं मोजून गाडी पूर्ण गेल्याचं सांगतात, तिथे माझ्या त्या रात्रीसारखी वेळ सहसा येत नाही. काउंटर बिघडला की मात्र पुन्हा डोळेच. ट्रेनिंग एकदा करून संपत नाही, रिफ्रेशरला परत भुसावळ गाठावं लागतं. प्रत्येक नव्या स्टेशनवर तिथले वर्किंग रूल्स वाचून सही केल्याशिवाय चार्ज घेता येत नाही.

आणि हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: डोळे. मेडिकलमध्ये ए-टू ही श्रेणी लागते. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/९, शिवाय रंग आणि रात्रीची नजर. यात नापास झालात तर बदल्यात दुसरी कुठलीही जागा मिळत नाही, आणि सीबॅटलाच नजरेचं प्रमाणपत्र मागतात. माझ्या ओळखीचा एक मुलगा दोन वर्षं अभ्यास करून रंगांच्या पुस्तकातल्या ठिपक्यांवर अडकला. क्लासची फी भरायच्या आधी, याच आठवड्यात, सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे तपासून घ्या.