उत्तर: जलचक्राच्या प्रयोगासाठी किटली घेताय? जरा थांबा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीचा माझाच वर्ग डोळ्यासमोर आला. सहावीची पोरं जलचक्राची आकृती झोकात काढतात, बाणसुद्धा बरोबर, पण ग्राउंडवरचं डबकं कुठे गेलं विचारलं की "मुरलं" म्हणून मोकळी होतात, आणि म्हणून तुम्ही शनिवारी किटलीतून वाफ काढून दाखवणार आहात. मी अगदी हेच केलं होतं. स्टाफरूमची इलेक्ट्रिक किटली, "समुद्र" व्हावा म्हणून पाण्यात दोन चमचे मीठ, वर बर्फ ठेवलेली स्टीलची ताटली. ताटलीखालून टपटप पाऊस पडला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही खूश.

मग एका पोराने विचारलं, "बाई, समुद्र उकळतो तर मासे शिजत कसे नाहीत?" सगळा वर्ग हसला, मीही हसले आणि "मधे मधे बोलू नकोस" म्हणून त्याला खाली बसवलं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ही. कारण चाचणीत निम्म्याहून जास्त पेपरांत "सूर्यामुळे समुद्राचे पाणी 100 अंशाला उकळून वाफ होते" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ते डोक्यातून काढायला मला दिवाळी उजाडली. त्या पोराने नंतर वर्षभर तोंड उघडलं नाही ते वेगळंच.

माझ्या मते (मी भूगोलाची, विज्ञानवाल्यांनी चूक असेल तर सांगा) अर्धा घोळ आपल्या शब्दांचा आहे. बाष्पीभवन म्हणजे काय, तर "पाण्याची वाफ होणे" असं आपण सांगून टाकतो. घरात वाफ म्हणजे मोदकांची, इडलीची, नाहीतर सर्दीत घेतात ती! मग पोरांना उकळणंच आठवणार ना. त्यात किटलीतून जे पांढरं निघतं ते बाष्प नसतंच, ते परत पाणी झालेले बारीक थेंब असतात. खरं बाष्प दिसत नाही, तोटीच्या अगदी तोंडाशी जी रिकामी जागा दिसते ना, तिथे असतं ते. शिवाय बाष्पाचं परत पाणी होणं या एकाच गोष्टीला भूगोलाच्या तासाला सांद्रीभवन आणि विज्ञानाच्या तासाला संघनन, पोरांनी करायचं काय.

म्हणून आधी न उकळता पाणी उडतं हे पटवा. ओला नॅपकिन किचनच्या वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम फळ्यावर लिहा, तास संपेपर्यंत पंख्याखाली वाळत घाला, परत वजन करा. ऊन नाही, गॅस नाही, तरी वजन कमी. हातावर सॅनिटायझरचा थेंब टाकला की गार लागतं, माठाचं गणितही तेच. ग्राउंडवरच्या डबक्याभोवती दर तासाला खडूने रेघ मारायची, पण फरशीवरचं डबकं घ्या, मातीवरचं घेतलंत तर परत "मुरलं" सुरू.

सांद्रीभवन दाखवताना बर्फाच्या ग्लासात साधं पाणी नको, कोकम सरबत घाला. नाहीतर हमखास कोणीतरी "ग्लास पाझरतो" म्हणतंच. बाहेरचे थेंब बिनरंगी बघून पोरं स्वतःच वाद घालतात, तो घालू द्या. झिप पाऊचवाला प्रयोग (पाऊचमध्ये थोडं पाणी घालून तो उन्हातल्या खिडकीला चिकटवायचा आणि आत थेंब धरताना बघायचे) सगळे करतात, पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ऊनच नसतं, आठवडाभर पाऊच खिडकीला नुसता लोंबकळतो. ऑक्टोबर हीटमध्ये करा, पाणी दोन-तीन चमचेच, जास्त झालं की सेलोटेप सुटते. पानांतून निघणारं बाष्प दाखवायला जास्वंदीच्या फांदीला पिशवी बांधायची तीही उन्हातच.

पावसाळ्यात पर्जन्यमापक करा. सरळ उभ्या बाजूंच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवायचं, तळाच्या खाचखळग्यांत खडे आणि पाणी भरून तिथे शून्य. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, वेधशाळाही तेव्हाच मोजते. शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्याशी जुळणार नाही, जुळवायलाही लावू नका, कात्रजला धो धो आणि औंधला कोरडं हे पुण्यात नेहमीचंच. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर 10 मिलिमीटर पडला तर साधारण 930 लिटर, म्हणजे हजाराची टाकी जवळजवळ भरली, हे ऐकून पोरं उडतात.

आणि जलचक्राच्या आकृतीतले ते गोल बाण! पोरांना वाटतं खडकवासला धरणाचं पाणी वर जातं आणि परत खडकवासल्यातच पडतं. नकाशावर बोट फिरवायला लावा. पावसाळ्यातलं पाणी मुख्यतः अरबी समुद्राकडून येतं, सह्याद्रीवर बरसतं, पण जातं मुठेतून संगमावर मुळेला, मग भीमा, कृष्णा आणि थेट बंगालच्या उपसागरात. जवळचा समुद्र सोडून लांबच्याला!

जलशुद्धीकरण केंद्राच्या सहलीबद्दल विचारलंय, त्याची परवानगी आधीच मागा एवढंच सांगते. मला एका कार्यालयाने तीन खेपा घालायला लावल्या, दर वेळी साहेब मीटिंगमध्ये, आणि शेवटी पत्र सापडलं तेव्हा पोरं सातवीत गेली होती. सगळीकडे असंच असेल असं नाही.

किटली आणायचीच असेल तर सगळ्यात शेवटी आणा, आणि माशांचा प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्हीच विचारा. नंतर किटली नीट घासून ठेवा. मी विसरले होते, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना खारट चहा मिळाला.