फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांना जंत होतात का? टेस्ट कोणती करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा रात्री दात खातो, सासूबाई म्हणतात जंत झालेत, पण आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आरओचं पाणी पितो, मग कसे होतील? होतात की. मातीतून पसरणारे जंत जगात साधारण 150 कोटी लोकांना आहेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात गांडुळासारखे लांब गोल जंत (राउंडवर्म) सगळ्यात जास्त, आणि मी इथे मुख्यतः त्यांच्याबद्दलच सांगतेय. आपल्याकडे 2015 पासून शाळा-अंगणवाडीत 1 ते 19 वर्षांच्या सगळ्या पोरांना जंतांची गोळी देतात ती उगाच नाही. दात खाण्याचा मात्र जंतांशी संबंध लावू नका, गोड खाण्याचाही नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि माझ्याच मुलीला जंत झाले होते. दिवाळीत गावाला गेलो, तिथे पोरं दिवसभर शेतात, ओल्या भुईमुगाच्या शेंगा उपटायच्या, माती झटकायची आणि दातानेच फोडून खायच्या. बांधाला कोण ना कोण बसतंच हे काय सांगायला नको. परत आल्यावर तिला कोरडा खोकला लागला, सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या तपासणीत, इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत आणि जंतांतही वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, सगळे म्हणाले अ‍ॅलर्जी. मला शंका होती, कारण या जंतांच्या अळ्या आतड्यातून निघून लिव्हर आणि फुप्फुसातून फिरून परत पोटात येतात. डिसेंबरमध्ये स्टूल तपासलं, काहीच नाही. येणारच नव्हतं, अंडं पोटात गेल्यापासून मादी अंडी घालायला लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. जानेवारीच्या शेवटी पोट दुखायला लागलं तेव्हा परत मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावली आणि पहिल्याच नजरेत दिसलं, सोनेरी-तपकिरी, कडेने खडबडीत अंडं. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, त्यामुळे असली की सहसा सापडतात.

अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी दिल्यावर भांड्यात वीतभर जंत पडला, गांडुळासारखा पण गुळगुळीत. नेमक्या तेव्हा मोठ्या जाऊबाई घरी होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, दिवसभर लोकांच्या संडासाच्या डब्या उघडतेस, तूच आणलेस हे घरात. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी आपल्या मुलांना आमच्याकडे जेवू दिलं नाही. हे मला आजही लागतं, म्हणून इथे नीट लिहिते. या गोल जंतांचं ताज्या शौचातलं अंडं कुणालाच जंत देऊ शकत नाही! ते ओल्या, उबदार मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावरच लागण करण्यालायक होतं. म्हणजे डबीतून नाही, एकाच ताटात जेवून नाही, मांडीवर बसून तर नाहीच. माती तोंडात गेली की होतात, मग ती शेंगेची असो नाहीतर न धुतलेल्या कोथिंबिरीची, आणि कोथिंबीर जाऊबाईंच्या घरीपण येतेच.

तर टेस्ट म्हणजे साधी स्टूलची मायक्रोस्कोपी, स्वस्त असते, लाजू नका. एकदा निगेटिव्ह आली म्हणून विषय संपवू नका, जंत लहान असतील किंवा सगळे नर असतील तर अंडी दिसणारच नाहीत. कधीकधी पोटाच्या सोनोग्राफीतही जंत दिसतात. रात्री शीच्या जागी खाज येत असेल तर ते वेगळेच, सुतासारखे बारीक जंत, ते स्टूलमध्ये बरेचदा सापडत नाहीत, त्यासाठी सकाळी धुवायच्या आधी तिथे चिकटपट्टी लावून ती तपासतात.

आणि हो, गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धीच असते, गरोदर बाईने तर स्वतःहून घेऊच नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि शी बंद झाली असेल तर टेस्टची वाट बघू नका, जंतांचा गुंता होऊन आतडं अडकू शकतं, थेट हॉस्पिटलला न्या.