खारपाणपट्ट्यातला टँक: पफर, मोनो आणि मॉली एकत्र जमतील का?

प्रश्न : भाऊ, घरी तीन फुटी टँक हाये, शंभरेक लिटरचा. शहरातल्या दुकानदारानं सांगतलं का निमखाऱ्या पाण्यातले मासे घे, वेगळे दिसते, म्हून दोन हिरवे ठिपक्यावाले पफर, दोन मोनो आन सहा मॉली आणल्या. आता मॉलीच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसून राह्यल्या, एक तं मेलीच. आमच्या बोअरचं पाणी तसंही खारं, म्हून तेच भरलं. काय चुकलं? आन मंग ठेवू कोणते?
(एक वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर : आधी पफर बाहेर काढा भाऊ, आजच्या आज, बाकीचं नंतर वाचा.

पफरचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला सतत काहीतरी कडक फोडायला लागतं, गोगलगाय म्हणा, शिंपला म्हणा, आणि त्यात स्वभाव खोडकर, समोर हळू पोहणारा मासा दिसला की शेपटी गेलीच समजा. हिरव्या ठिपक्यांचा पफर 15 सेंटीमीटरपर्यंत जातो, वाढेल तसं त्याला पाणीही जास्त खारं लागतं. त्याला स्वतंत्र टँक द्या, नाहीतर परत करा. (गोगलगायी शोधायला शेताच्या नाल्यावर जाऊ नका, कपाशीच्या फवारणीचं औषध त्यांच्यात उतरलेलं असू शकतं. टँकसाठी फवारणीची बादली तर चुकूनही वापरू नका.)

मोनोचं दुखणं वेगळं. तो भांडखोर नाही पण 20 सेंटीमीटरच्या वर वाढतो, पाच-सहाच्या घोळक्याशिवाय बुजून राहतो आणि मोठेपणी त्याला जवळजवळ समुद्राचंच पाणी मानवतं. शंभर लिटरमध्ये हे बसत नाही. दुकानदारानं स्कॅट नावाचा मासा दाखवला तरी घेऊ नका, तो 30 सेंटीमीटरचा होतो.

आता पाणी, खरी गोम इथंच आहे. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी खारं आहे हे खरं, पण ते समुद्राचं खारेपण नाही, त्यात कोणता क्षार किती ते गावागावाला बदलतं, कधी कधी एकाच गावातल्या दोन बोअरलाही बदलतं. लोणारचं पाणीही खारंच आहे ना, पण त्याचा पीएच (पाणी आम्लारी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) वर्षानुवर्षं दहाच्या आसपास राहिला, त्यात मासा टिकत नसे. म्हणून जिभेवर चाखून ठरवू नका. गावातल्या आरओचे कॅन आणा आणि त्यात ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं मरीन सॉल्ट (समुद्राच्या पाण्यासारखं क्षारांचं मिश्रण) टाका, लिटरला साधारण 8-9 ग्रॅम. घरचं मीठ नको, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतं आणि पीएच धरून ठेवणारे क्षारही नसतात. मीठ वेगळ्या बादलीत आदल्या दिवशी विरघळवा आणि हायड्रोमीटर (पाण्याचं खारेपण मोजायचं साधन) घ्याच, त्यावर 1.005 दिसलं पाहिजे (समुद्राचं 1.025 असतं). जुनं पाणी एकदम फेकायचं नाही हां, दर आठवड्याला पाव भाग बदला, म्हणजे मासेही सावरतात आणि फिल्टरमधले पाणी साफ ठेवणारे जिवाणूही.

या पाण्यात मॉली मस्त राहते, साध्या पाण्यापेक्षा जास्त खुलते असं माझं मत. तिच्यासोबत चार-पाच ऑरेंज क्रोमाईड ठेवा. हा आपल्या दक्षिणेकडचा, केरळच्या बॅकवॉटरमधला मासा, 8 सेंटीमीटरच्या आसपास थांबतो, पिवळा-केशरी अंगावर ठिपके, आणि जोडी जमली की पिल्लांची राखण करतो ते बघायला मजा येते, तेवढ्या दिवसांत मात्र बाकीच्यांना जरा पिटाळतो, म्हणून दगड आणि फुटक्या मडक्याचे आडोसे करून ठेवा. दुकानदार क्रोमाईड म्हणून हिरवा क्रोमाईड देईल तर सांभाळून, तो म्हणजे केरळात तळून खातात तो करीमीन, फूटभर होतो. बंबलबी गोबी गोड दिसते पण ती जेमतेम 4 सेंटीमीटर, हळूहळू खाणारी, मॉलीच्या घाईगर्दीत उपाशी राहते, तिला छोटा टँक वेगळा. गोल्डफिश, टेट्रा या पाण्यात अजिबात नको.

आणि मे महिना ध्यानात ठेवा. 45 अंशाच्या उन्हात, वर कूलर सुरू असला की टँकमधलं पाणी भराभर उडतं, पण मीठ उडत नाही, ते आतच राहतं. त्यामुळे कमी झालेलं पाणी भरताना नुसतं आरओचं भरायचं, मिठाचं नाही. काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा. लाईट गेली की चालेल असा बॅटरीवरचा एअर पंपही घेऊन ठेवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

प्रश्न : काचेसारखा आरपार दिसणारा ग्लास फिश मिठाशिवाय जगत नाही म्हणतात, खरं का?
(एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : नाही. तो आपल्याकडच्या नद्या-तलावांतला मासा आहे, गोड्या पाण्यात छान राहतो, थोडं मीठ सहन करतो एवढंच. पाच-सहा एकत्र ठेवा. गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचा मिळाला तर घेऊ नका, त्याला सुईनं रंग टोचलेला असतो.