मुरूम काढलेल्या जागेवर गवत लावताय? आधी एवढं करा

सोलापूरच्या माळावर गवत परत आणायचं मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

पहिलं बियाणं. पवन्या, मारवेल, डोंगरी ही इथलीच गवतं निवडा. ताज्या बियांना बऱ्याचदा सुप्तावस्था असते (काही काळ त्या उगवतच नाहीत), म्हणून गेल्या हिवाळ्यात गोळा केलेलं बी यंदाच्या जूनमध्ये पेरा. मूठभर बी हातावर चोळून बघा. आत टणक दाणा लागला तर ठीक, नुसती कुसं निघाली तर ते पेरण्यात अर्थ नाही.

नवी माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती पेरणीत. हे बी ज्वारीसारखं खोल टाकायचं नसतं, अर्धा-एक सेंटीमीटर माती पुरे. उघड्या मुरुमावर नुसतं फेकलं तर पहिल्याच पावसात वाहून जातं. त्यामुळे उताराला आडव्या उथळ सऱ्या ओढा, बी ओलसर मातीत कालवून त्यात टाका आणि वरून हलकं दाबा.

मग:
- पहिलं वर्ष गुरं-शेळ्या पूर्ण बंद. हे जमणार नसेल तर पेरूच नका.
- काँग्रेस गवत फुलायच्या आत उपटा.
- युरिया नको, त्यानं तणच माजतं.
- मधे झाडं लावायचा मोह टाळा. सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य ज्याच्यासाठी आहे तो माळढोक उघड्या माळावरच राहणारा पक्षी.

पहिल्या पावसाळ्यात जागा विरळच दिसेल, घाबरू नका, गवत आधी मुळं धरतं. कापणी बी गळून पडल्यावरच करा. खतं, मिश्रणाचं प्रमाण वगैरे पुढच्या वर्षी बोलू.