टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर आपल्या घाटीत घ्या

जीएसटी उतरल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या दहा पत्रांतली आठ नव्या गाडीचीच असतात, आणि त्यातली निम्मी एकाच प्रश्नाची, की गाडी पसंत आहे पण इंजिन कुठलं घेऊ. म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय. जुन्या गाड्यांवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. राहायला वेळणेश्वरजवळ, शाळा येऊन-जाऊन २२ किलोमीटर. घर खाली वाडीत आहे, डांबरी रस्त्याला लागायला घाटी चढावी लागते. महिन्यातून दोनदा कराडला सासरी जातो, कुंभार्ली घाटाने. मारुतीची फ्रॉन्क्स घ्यायचं जवळजवळ ठरलंय पण १.२ लिटरचं साधं पेट्रोल की १.० लिटरचं टर्बो यावर घरात रोज वाद. चिपळूणला जाऊन दोन्ही चालवून बघितल्या, हायवेला पाच-सात किलोमीटर फिरवून आणलं, आम्हाला दोन्ही सारख्याच वाटल्या. ह्यांचं म्हणणं टर्बोच घेऊ, पॉवर जास्त आहे. मला वाटतं उगाच पैसे. – एक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : ताई, हायवेला दोन्ही सारख्याच वाटणार. सपाट रस्ता, गाडीत तुम्ही दोघं आणि शोरूमचा मुलगा, तिथे कुठलीही गाडी बरीच वाटते. मी स्वतः असाच फसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एक छोटी गाडी अशीच सरळ रस्त्यावर चालवून बघितली, मस्त पळाली, घेऊन टाकली, आणि पहिल्याच गणपतीला गाडीत पाच माणसं, डिकीत नारळ, तांदूळ आणि मोदकपात्र घेऊन घाटी चढायला गेलो तर अर्ध्यात बंद. परत चालू केली, परत बंद, आणि क्लच जळल्याचा वास. आत्या मुकाट्याने खाली उतरली आणि चालत वर गेली, वर जाऊन म्हणाली, गणपती डोक्यावरून आणला तसं आम्हालापण आणायचंस की रे. गाडी वाईट नव्हती हो, मी चालवून बघितली भलत्या ठिकाणी.

आता तुमच्या दोन इंजिनांचं. साध्या १.२ ला चार सिलिंडर आहेत, पॉवर साधारण ९० पीएस आणि टॉर्क ११३ न्यूटन मीटर. टर्बो तीन सिलिंडरचं, ९९८ सीसी, १०० पीएस आणि टॉर्क १४७.६. सर लोक पॉवरचा आकडा बघतायत, तो फरक फार नाहीये. बघायचा तो टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारी ओढ, आणि तो किती आहे यापेक्षा कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारत असताना, मिळतो ते. १.२ चा पूर्ण टॉर्क ४४०० आरपीएमला येतो, म्हणजे इंजिन चांगलं ओरडायला लागल्यावर. टर्बोचा २००० लाच येतो आणि ४५०० पर्यंत टिकतो. कुंभार्लीला वळण घेऊन वर निघताना इंजिन साधारण दोन हजारावरच असतं, तिथे टर्बो सेकंडला किंवा थर्डलासुद्धा आरामात ओढून नेईल, आणि १.२ ला मात्र तुम्हाला सेकंड टाकून आवाज ऐकत चढावं लागेल. चढते, न चढायला काय झालं, पण पुढे ट्रक असला की ओव्हरटेक करायला जीव मुठीत.

पण (आणि इथे सर थोडे नाराज होतील) टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. इंजिन हळू फिरत असलं की धूर कमी, टर्बो झोपलेला, आणि मग तुमच्या हातात उरतं नुसतं ९९८ सीसीचं इंजिन. वाडीतली घाटी आपण कशी चढतो आठवा. मध्येच समोरून रिक्षा येते, गुरं आडवी बसलेली असतात, चढावर थांबून परत फर्स्टवर उचलायची, तेपण पाच माणसं घेऊन. त्या क्षणी टर्बो नवशिक्याच्या हातात बंद पडते, नाहीतर तो अॅक्सिलरेटर दाबून हाफ क्लचवर उचलतो आणि दोन वर्षांत क्लचप्लेट संपवतो. साधं १.२ तिथे जास्त समजूतदार आहे, पायाला जेवढं मागाल तेवढं लगेच देतं. म्हणजे बघा गंमत, मोठ्या घाटाला टर्बो चांगला आणि घरच्या घाटीला साधं चांगलं, आणि तुम्ही घाट महिन्यातून दोनदा चढता, घाटी दिवसातून एकदा तरी.

त्यामुळे माझं मत १.२. पण माझ्या मतावर लाखो रुपये घालू नका, शोरूमवाल्याला सांगा गाडी घरी घेऊन ये. येतात हो, चिपळूणहून मार्गताम्हाणे-शृंगारतळी करत वेळणेश्वर म्हणजे काही लंडन नाही, गिऱ्हाईक पक्कं दिसलं की येतात. दोन्ही इंजिनांच्या गाड्या एकाच दिवशी मागवा, आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी असं केलंत तर फरक डोक्यात राहत नाही. सकाळी बोलवा, आली की इंजिन बंद करून चहा पाजा, जरा थंड होऊ दे, मग चालू करून आवाज ऐका. घरातली सगळी माणसं बसवा, सासूबाईंना पुढे नको मागे बसवा, म्हणजे मागच्या सीटचं खरं काय ते त्याच सांगतील. एसी फुल. आणि घाटीच्या सगळ्यात उभ्या जागी गाडी मुद्दाम थांबवा, हँडब्रेक ओढा, मग उचला. तीनदा करा. गाडीला हिल होल्ड आहे का विचारा, म्हणजे ब्रेकवरून पाय काढला तरी दोन-तीन सेकंद गाडी मागे येत नाही, आपल्याकडे ही चैन नाही, गरज आहे. उतरताना सेकंडला टाकून ब्रेकला पाय न लावता गाडी किती धरते तेपण बघा. जी चालवायची ती गाडी तुम्हीपण चालवा ताई, नुसते सर नकोत. पत्रावरून वाटतंय की रोज शाळेला चालवणार तुम्हीच.

ब्रोशरमधलं मायलेज दोघांचं जवळजवळ सारखंच आहे, २१ च्या वर, पण ते लॅबमधलं. टर्बोला घाटात पाय दाबलात की तो प्यायला लागतो, तिथे कंजुषी करत नाही.

प्रश्न : गाडी घेवची हा, पण खयचा इंजिन ता काय समाजना नाय. आंब्याची बाग आहे, सीझनला १०-१२ पेट्या मागे टाकून फोंडा घाटातून कोल्हापूरला ठरलेल्या गिऱ्हाइकांना स्वतः पोचवतो. बाकी वेळ बाग ते घर चार किलोमीटर. महिन्याला सरासरी १५०० किलोमीटर होतात. डिझेल की सीएनजी? – एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादानू, तुमचो प्रश्न सोपो नाय. आता मराठीतच बोलतो, माझी मालवणी एवढीच.

आधी हिशोब. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी खरी १७ देते असं धरलं तर किलोमीटरला सहा रुपये वीस पैसे. डिझेल ९१ आणि मायलेज २० धरलं तर साडेचार. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २४ धरलं तर पावणेचार. आता डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा सव्वा लाखाने महाग पडत असेल तर वर्षाला १८,००० किलोमीटरवर तो फरक निघायला चार वर्षांच्या वर जातील. सीएनजीला नव्वद हजार जास्त मोजलेत तर दोन वर्षांत वसूल. आकडे तुमच्या गावातले टाका, पद्धत हीच. नुसत्या कागदावर सीएनजी जिंकला.

पण पेट्या कुठे ठेवणार? साठ लिटरची टाकी डिकीत आडवी बसली की तुमच्या बारा पेट्यांपैकी बहुतेक सगळ्या मागच्या सीटवर. टाटावाले दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाला टाकतात, त्यात २१० लिटरची जागा उरते, ती बॅगांना ठीक आहे, पेट्यांना नाही. शिवाय सीएनजीवर जोर कमी होतो, नव्या स्विफ्टचंच बघा, पेट्रोलवर ८१.६ पीएस आणि सीएनजीवर ६९.७५. पेट्या भरून फोंडा घाट चढताना हे जाणवतं, मग तुम्ही बटण दाबून पेट्रोलवर येता आणि कागदावरचा हिशोब घाटाखालीच राहतो. टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी, ती विसरू नका. आणि पंपावर भर सीझनला सकाळी जाऊन स्वतः रांग बघून या, दुसऱ्याला विचारू नका.

डिझेलची ओढ मात्र तुमच्या कामाची. टाटाच्या अल्ट्रोजचं दीड लिटरचं डिझेल २०० न्यूटन मीटर देतं, नेक्सॉनचं २६०, आणि तेपण अगदी खालच्या आरपीएमला. मारुतीने डिझेल २०२० मध्येच बंद केलं तेव्हा तिकडे शोधत बसू नका.

डिझेलची गोम दुसरीकडे आहे. बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाची जाळी असते, त्यात काजळी अडकते, आणि गाडी चांगली तापून सलग चालली की ती काजळी आपोआप जळून जाते. चार किलोमीटर बाग, चार किलोमीटर घर, यात गाडी तापतच नाही. मग जाळी भरते, लाइट लागतो, लाइटकडे दुर्लक्ष केलंत की गाडी जोर देणं बंद करते आणि पुढे वर्कशॉपचं बिल. माझ्या ओळखीतल्या एकाने लाइट लागलेला असताना महिनाभर तशीच चालवली, का तर सीझन होता, वेळ नव्हता.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर डिझेल घेतली असती, एका अटीवर. आठवड्यातून एकदा नांदगाव तिठ्यापर्यंत जायचं, तिथून हायवेला साठच्या वर वीसेक मिनिटं एका दमात चालवायची, मग परत. पावसाळ्यातसुद्धा. हे जमणार नसेल तर साधं पेट्रोल घ्या आणि पेट्या टेम्पोने पाठवा.

प्रश्न : सगळ्यांची इंजिनं ११९७, ११९९ नाहीतर १४९७ अशीच का असतात? पूर्ण १२०० का करत नाहीत? – एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : कर बाबा, कर. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या झाली, लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० पर्यंत, त्यांना एक्साइज २४ वरून १६ टक्के. तेव्हापासून सगळे त्या रेषेच्या आत अंग चोरून बसलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही तीच रेषा, आत असाल तर १८ टक्के, बाहेर गेलात तर ४०. म्हणूनच काही गाड्यांची डिकी मागून सुरीने कापल्यासारखी दिसते.

प्रश्न : सावंतवाडीला नर्स आहे, माहेर बेळगाव, त्यामुळे आंबोली घाट कायमचा. गुडघा दुखतो म्हणून क्लच नकोच. एएमटी घाटात चालत नाही असं सगळे सांगतात, खरं काय? – एक वाचक

उत्तर : चालते ताई, पण तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त तुमच्या पायाच्या आणि हाताच्या जागी मशीन. त्याला घाटातलं पुढचं वळण दिसत नाही. सेकंडवर छान चढत असता, जरा रस्ता सरळ झाला की ते थर्ड टाकतं, लगेच वळण येतं, परत सेकंड, आणि मध्ये गाडी मान डोलावते. उपाय सोपा आहे, घाट लागला की लिव्हर मॅन्युअलला घ्या आणि सेकंडवरच ठेवा. उतरतानाही तेच, आणि न्यूट्रल तर कधीच नाही, नुसत्या ब्रेकवर आंबोली उतरलात तर खाली येईपर्यंत ब्रेक तापून पोकळ लागायला लागतील.

एक चूक सगळे करतात, चढावर ट्रकच्या मागे थांबल्यावर गाडी मागे जाऊ नये म्हणून अॅक्सिलरेटर हलका दाबून ठेवतात. आत क्लच घासत असतो आणि तो तुम्हाला दिसत नाही. ब्रेक नाहीतर हँडब्रेक, तिसरा मार्ग नाही.

बजेट वाढवता येत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक बघा, तिच्यात क्लचऐवजी तेलातून ओढ जाते, झटका नाही आणि चढावर धरूनही ठेवते. फ्रॉन्क्सच्या टर्बोला सहा गिअरची मिळते. वरच्या गुहागरच्या ताईंना मी टर्बो नको म्हटलं आणि तुम्हाला बघा म्हणतोय, कारण तुमच्या बाबतीत क्लच बडवायला पायच नाही, आणि तुमचा नेहमीचा चढ घाटी नसून घाट आहे. टेस्ट ड्राइव्हला सांगा दाणोलीच्या पुढे घाटातली पहिली चार-पाच वळणं तरी न्यायची. नाही म्हणाले तर दुसरा डीलर.

प्रश्न : मी ठाण्याला असतो, मालवणच्या घरी एक छोटी गाडी कायमची ठेवायची आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना, तेवढीच चालेल. टर्बो घ्यावी असं मित्र म्हणतात. – एक चाकरमानी

उत्तर : मित्राला त्याच्या गावी घेऊ दे. तुम्ही सगळ्यात साधं पेट्रोल घ्या, टर्बो नाही, डिझेल तर अजिबात नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि मालवणला ओलाव्याला काय कमी. जाताना टाकी फुल करून जा म्हणजे आत हवेला जागा कमी राहते, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, खालून अंडरबॉडी कोटिंग करून घ्या कारण खारा वारा पत्र्याला सोडत नाही. मायलेज कमी लागलं तर गाडीला शिव्या देऊ नका, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमीच असते.

आणि उंदीर. बंद गाडीत वायरी खातातच. त्यापेक्षा चावी शेजारच्यांकडे द्या, आठवड्यातून एकदा बाजारात जाऊन येऊ देत, टायरपण चपटे होणार नाहीत. कधी कट्ट्याला लग्नाला नेली असं कळलं तर ठाण्याहून फोन करू नका.