बारगीर, शिलेदार आणि इंग्रजीतील ‘पुरवणे’

शिवकालीन घोडदळावरील मराठी लेखाचे इंग्रजी भाषांतर करताना ‘सरकारातून घोडा व हत्यार मिळे’, ‘स्वार सज्ज होत’, ‘गडावर दाणागोटा भरला’ अशा वाक्यांसाठी सप्लाय, प्रोव्हाइड, इक्विप आणि फर्निश यांपैकी कोणते क्रियापद घ्यावे, असे आपण विचारले आहे. शब्दकोश चौघांपुढे जवळजवळ एकच अर्थ देतो, ही आपली तक्रारही रास्त आहे. अर्थाच्या मागे न लागता क्रियापदाचे कर्म कोण होते आणि क्रिया झाल्यावर नेमके काय बदलते, हे पाहिले तर निवड बरीच सोपी होते.

सप्लाय या क्रियापदाला वस्तूही कर्म म्हणून चालते आणि घेणाराही. घोडे बारगिरांना, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांना, सप्लाय करता येतात, तसेच बारगीर घोड्यांनी सप्लाय करता येतात. इक्विपचे तसे नाही. तेथे कर्म नेहमी घेणाराच असतो आणि वस्तू ‘विथ’ला जोडून मागाहून येते, त्यामुळे ‘घोडे इक्विप केले’ असे लिहिले तर घोड्यांवर खोगीर, रिकीब, लगाम चढवला असा अर्थ निघेल. शिवाय इक्विप झालेला माणूस एखाद्या कामासाठी तयार झालेला असतो. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ बहुधा जहाज सफरीसाठी सज्ज करण्याच्या जुन्या नॉर्स क्रियापदात आहे. याउलट सप्लायचे लॅटिन मूळ उणीव भरून काढण्याचे आहे. म्हणूनच पाणी, वीज, रसद असे जे पुन्हापुन्हा लागते त्याच्याशी तो शब्द सहज जमतो.

आता आपले मुख्य वाक्य. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तर शिलेदार ती स्वतःच्या खर्चाने आणून चाकरीस येई. शिलेदारासाठी ‘इक्विप्ड देमसेल्व्ज अ‍ॅट देअर ओन एक्स्पेन्स’ याहून नेमके मला काही सुचत नाही. बारगिरासाठी मात्र ‘वेअर सप्लाइड विथ हॉर्सेस अँड आर्म्स बाय द स्टेट’ असे लिहावे, कारण तेथे सांगायचे आहे ते माल कोठून आला हे. दोन्हीकडे एकच क्रियापद वापरले तर ज्या फरकासाठी मूळ लेखकाने वाक्य लिहिले, तोच पुसला जातो.

२५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या स्वारांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) व एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा), ही पागेची म्हणजे सरकारी घोडदळाची रचना आपल्या लेखात येणारच. येथे इक्विप मुळीच नको. पखालजी हे काही हत्यार नव्हे. प्रोव्हाइड चालेल, पण लष्करी इंग्रजीत अशी माणसे तुकडीला ‘अटॅच’ केली जातात, आणि तेच येथे शोभेल.

फर्निशबद्दल जरा सावध राहावे. ‘फर्निश्ड विथ हॉर्सेस’ हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत अगदी स्वाभाविक होते. आज मात्र हा शब्द मुख्यतः घर सजवण्यापुरता, किंवा माहिती, पुरावा, हमी सादर करण्यापुरता राहिला आहे. आपल्या सरकारी पत्रांतील ‘माहिती फर्निश करावी’ वाचून वाचून तो आपल्याला भारदस्त वाटतो, इतकेच.

गडावरील दाणागोट्यासाठी ‘प्रोव्हिजन’ हे क्रियापद घ्यावे. ‘व्हिक्च्युअल’ असा दिसणारा आणि ‘व्हिटल’ असा उच्चारला जाणारा जुना शब्दही आहे. ब्रिटिश आरमाराचे शिधासामग्री पाहणारे मंडळ १८३२ पर्यंत त्याच नावाने चालले. पण आजच्या वाचकाला तो अडखळवील. दारूगोळ्याला मात्र यांपैकी कोणताच शब्द लागू नाही, कारण दोन्ही खाण्याच्या वस्तूंचे आहेत; तेथे ‘स्टॉक’ करावे.

आरमाराचा उल्लेख असल्यास गुराब आणि गलबत या जहाजांसाठी ‘फिट आउट’ हा खास शब्द आहे. जहाजाचे धूड पाण्यात उतरल्यावर त्यात जे जे बसवावे लागते, त्या सगळ्या कामाला आजही हेच म्हणतात. माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम एप्रिल २०१५ मध्ये पाण्यात उतरली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात दाखल झाली. मधल्या काळात हे काम किती मोठे असते, याची त्यावरून कल्पना यावी. ‘रिग’ केवळ डोलकाठी, शिडे आणि दोरखंड यांच्यापुरता ठेवावा.

आणखी एक खड्डा पेशवाईच्या प्रकरणात आहे. ‘सरंजाम’ या शब्दाचा साहित्यसामग्री असाही अर्थ असल्याने भाषांतरात तेथे ‘इक्विपमेंट’ येण्याचा संभव असतो. पण सरदाराला मिळालेला सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. तो शब्द तसाच ठेवून पहिल्या ठिकाणी कंसात एका ओळीचा खुलासा द्यावा.